तीनचा रकाना

आईला बोलता येत नाही. पुढचं सगळं या एका गोष्टीतून आलं, म्हणून ती आधी सांगते.

मे महिन्यात तिच्या मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी अडकली. उजवा हात-पाय गेला आणि वाचाही गेली. वाचाघात म्हणतात त्याला. आपलं बोलणं तिला बरंचसं कळतं, पण तिच्या तोंडून एकच शब्द निघतो, "अगं." तहान लागली तरी अगं, कूस अवघडली तरी अगं, मी दिसले तरी अगं. वाई तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत ३१ वर्षं जिच्या खणखणीत आवाजावर चौथीचे वर्ग चालले, ती ही बाई. तिला कुठे ठेवलं आणि नंतर "तिथे बरं आहे ना गं?" असं विचारलं, तर उत्तर एकच येणार होतं. कुणी घास भराभर कोंबला, कुणी रात्रभर ओल्यात ठेवलं, कुणी हात धरून ओढलं, यातलं काही ती सांगू शकणार नव्हती. तिने जे सांगायचं ते मलाच आधी बघून घ्यावं लागणार होतं.

आधी घरीच केलं. आमचं घर कोथरूडला, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दिवसा रुग्णसेवेच्या ब्यूरोची बाई, रात्री मी. पाच आठवड्यांत तीन बायका बदलल्या. चौथ्या आठवड्यात आईच्या माकडहाडाच्या जागी लाल डाग दिसला. बोटाने दाबला तरी पांढरा पडेना. घरी येणाऱ्या डॉक्टरांनी तो बघितला आणि म्हणाले, "ही बेडसोअरची, पडून पडून होणाऱ्या जखमेची सुरुवात आहे. दर दोन तासांनी कूस बदलली पाहिजे, रात्रीसुद्धा. एकटीच्या हाताने हे किती दिवस जमेल?" माझी पाठ तेव्हाच गेलेली होती. आईला उचलताना एकदा मी तिच्यासकट पलंगाच्या कडेवर आपटले होते.

दादा बंगळुरूहून आला. दोन दिवस आम्ही एकमेकांशी नीट बोललोही नाही. "आश्रमात टाकलं म्हणतील" हे वाक्य त्याने तीनदा उच्चारलं. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, दादा, टाकणं आणि ठेवणं यातला फरक मी बघून येते, मग ठरवू. सहा आठवड्यांत मी आजारी म्हाताऱ्यांना सांभाळणारी पाच ठिकाणं पाहिली. एकूण १४ फेऱ्या झाल्या. तेवढ्या दिवसांत मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, साताऱ्याहून येऊन घरी राहिली. ती नसती तर पहिलं दार दिसलं तिथेच मी आईला सोडून आले असते, हे मला माहीत आहे.

मी २२ वर्षं सहकारी बँकेत अंतर्गत तपासणीचं काम केलंय. त्यामुळे आधी कागदांकडे गेले. मला वाटलं होतं, परवाना असेल, दर्जा असेल, तपासणीचा अहवाल असेल, तो मागायचा. तसं काही हाती लागलं नाही. २००७ सालच्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधारांसाठी १५० जणांचा किमान एक वृद्धाश्रम असावा, असं आहे. पण पैसे भरून ठेवायच्या खासगी ठिकाणी किती जणांमागे किती माणसं हवीत, रात्री नर्स हवी का, हे त्यात नाही. डिसेंबर २०१९मध्ये लोकसभेत जे दुरुस्ती विधेयक आलं, त्यात अशा केंद्रांची नोंदणी आणि किमान मानकं होती. त्याचा कायदा झाला नाही. मग उरतं काय, तर संस्था ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, तिथे आजाऱ्यांवर उपचार होत असतील तर नर्सिंग होम म्हणून १९४९च्या कायद्याखालची नोंदणी, स्वयंपाकघरासाठी अन्न परवाना आणि अग्निशमनाची कागदपत्रं. ही सगळी मी मागितली आणि बघितली. ती मागावीतच, कारण मागितल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो तेही कळतं. पण ट्रस्टचं प्रमाणपत्र सांगतं की ट्रस्ट आहे. आईची कूस कोण बदलणार, ते त्यावर लिहिलेलं नसतं.

पहिलं ठिकाण मला फार आवडलं होतं. फोन करून वेळ ठरवून गेले, सकाळी अकराला. दारात तुळस, आत माशांची टाकी, भिंतीवर गणपतीची आरास केलेले फोटो, सगळे आजी-आजोबा नाहून-माखून व्हरांड्यात बसलेले. फिनेलचा दरवळ होता. व्यवस्थापक बाई इतक्या मायेने बोलल्या की परतीच्या रिक्षात मला रडू आलं. दादाला फोन करून सांगितलं, मिळालं.

मावशी म्हणाली, "अगं, मुलगी बघायला गेल्यासारखी सांगून कशाला गेलीस? एकदा न सांगता जा की."

गेले, तीन दिवसांनी, पहाटे साडेसहाला. दार उघडायला दहा मिनिटं लागली. व्हरांडा रिकामा होता. फिनेल अजून पडलं नव्हतं, त्यामुळे खरा वास येत होता, रात्रभर न बदललेल्या डायपरचा. जिन्याजवळ एक मावशी, म्हणजे तिथली कामाची बाई, सतरंजीवर झोपली होती. ३१ जणांसाठी रात्री ती एकटी. ती दचकून उठली आणि मला "ताई, आता भेटायची वेळ नाही, मला बोलणी बसतील" म्हणून हात जोडायला लागली. मला तिचा राग आला नाही. दिवसाचे बारा तास करून ती रात्रीही तिथेच होती, हे तिनेच सांगितलं. एका खोलीतून कुणी तरी एकसारखं "माई, माई" हाका मारत होतं. ती मावशी तिकडे पळाली आणि मी बाहेर आले.

त्या दिवसापासून माझ्या वहीत पहिला प्रश्न तोच राहिला, रात्री तीन वाजता इथे जागं कोण असतं? "चोवीस तास स्टाफ" हे उत्तर मी मोजत नसे. जागं कोण, किती जण, किती जणांमागे, आणि सकाळी ते घरी जाऊन झोपतात की पुन्हा ड्युटीला उभे राहतात, असं विचारत असे.

दुसऱ्या ठिकाणी पांढऱ्या कपड्यातली नर्स होती, एअर बेड होते, प्रत्येक पलंगाला तक्ता लटकवलेला होता. कूस बदलल्याच्या वेळा, डावी, उजवी, पाठ, पुढे सही. मी तक्ता हातात घेतला. वेळ दुपारी साडेतीनची होती. त्या पानावर पाचचा आणि सातचा रकानाही भरलेला होता. मागची पानं उलटली. एकच शाई, एकच वळण, रात्रीच्या एकच्या नोंदीत आणि दुपारच्या एकच्या नोंदीत अक्षराचा तिळाएवढा फरक नाही. बँकेत अशी रजिस्टरं मी शेकड्यांनी पाहिलीत. महिनाअखेरीला एका बैठकीत बसून लिहिलेली. खऱ्या नोंदीत खाडाखोड असते, कुठे पेन बदललेलं असतं, कुठे वेळ दहा-वीस मिनिटं पुढेमागे असते, कुठे चहाचा डाग असतो. बँकेत त्याने फार तर पैसे जातात. इथे त्या रकान्याखाली एक आजोबा होते. त्यांच्या पायावरची चादर सरकली होती आणि टाचेवर रुपयाएवढा काळा डाग होता.

मी नर्सला विचारलं, "हा कधी झाला?" ती म्हणाली, "येतानाच होता." तक्त्यावर त्याबद्दल काहीच लिहिलेलं नव्हतं.

तेव्हापासून टाच, माकडहाड, कोपर, कानाची पाळी, इकडे मी बघायला शिकले. परक्या माणसाची चादर उचलणं बरोबर नाही, ते मी कधी केलं नाही. पण नखं दिसतात. ओठ कोरडे आहेत का ते दिसतं. पाण्याचा पेला कुठे ठेवलाय ते दिसतं. तिसऱ्या ठिकाणी एका खोलीत चारही जणांचे पेले खिडकीच्या कट्ट्यावर एका ओळीत मांडलेले होते, स्वच्छ, झाकण घातलेले. पलंगावरून कुणाचाच हात तिथे पोचत नव्हता.

तिसऱ्याच ठिकाणी मी बेल दाबून पाहिली. आजींची परवानगी घेऊन, घड्याळ बघून. अकरा मिनिटांनी एक मुलगा आला, त्याने बेल बंद केली आणि आमच्याकडे न बघता निघून गेला. आजी मला म्हणाल्या, "बाळ, तू आहेस म्हणून आला तरी." त्याच मजल्यावर एका आजोबांना खुर्चीला ओढणीने बांधलेलं होतं, पोटाशी, गाठ पाठीमागे. पडू नयेत म्हणून, असं कारण सांगितलं गेलं. पडण्याची भीती खरीच असते. या वयात खुबा मोडला की माणूस अंथरूण धरतो. पण त्यावर उपाय म्हणजे पलंग खाली घेणं, रात्री मंद दिवा ठेवणं, पायात घट्ट बसणारी चप्पल, वेळच्या वेळी लघवीला नेणं. कारण पुष्कळ वेळा माणूस उठायला बघतो तो त्यासाठीच. बांधलेला माणूस सुटायची धडपड करतो आणि खुर्चीसकट पडतो. त्या आजोबांची बोटं सारखी गाठ शोधत होती.

आणि दुपारी चारच्या सुमाराला तिथली शांतता मला खुपली. अठरा माणसं दिवाणखान्यात बसलेली, टीव्ही चालू, आणि त्यातली बहुतेक मान खाली घालून झोपलेली. मी विचारलं, औषधं कोण देतं, कुणाच्या सांगण्यावरून? उत्तर आलं, "रात्री त्रास देतात त्यांना शांत राहायची गोळी असते, आमचे डॉक्टर फोनवर सांगतात." ही शांत राहायची गोळी म्हणजे पुष्कळदा क्वेटियापिन किंवा त्याच घराण्यातलं दुसरं काही तरी. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांमध्ये या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ सालीच दिला होता. कधी कधी ती द्यावी लागतात, तेही खरं. आईच्या डॉक्टरांनी मला समजावलं होतं की द्यायची तर कारण लिहून, कमीत कमी, थोड्या दिवसांसाठी, आणि घरच्यांना सांगून. फोनवर सांगून सगळ्यांना सरसकट देणं हे मला औषध वाटलं नाही. कमी पडलेल्या माणसांची जागा त्या गोळीने भरून काढली होती.

आगीबद्दल बोलताना लोक मला थोडं वेडसर समजत, हे जाणवायचं. पण ९ जानेवारी २०२१ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आगीत १० नवजात बाळं गेली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागात आग लागली, तेव्हा मी या राज्यातच होते, मी ते वाचलं होतं. ज्यांना स्वतःहून उठून बाहेर येता येत नाही, त्यांच्या खोलीतली आग वेगळी असते. आईला आता उठता येत नाही. महाराष्ट्राच्या २००६ सालच्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचं असतं. त्याला बी फॉर्म म्हणतात. जुलै चालू होता. मी जानेवारीचा मागितला. पाचपैकी दोन ठिकाणी तो मिळाला. एका ठिकाणी "तो सोसायटीकडे असेल" म्हणाले. आग विझवायच्या नळकांड्यावरच्या, दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का आणि चिठ्ठीवर कोणती तारीख आहे, हे कुणीही वाकून बघू शकतं, त्याला परवानगी लागत नाही.

चौथ्या ठिकाणी नळकांडी नवी होती, काटा हिरव्यात होता. मागच्या जिन्याच्या जाळीच्या दाराला मात्र कुलूप होतं. किल्ली व्यवस्थापकांकडे, आणि ते रात्री आठला घरी जातात. मी ते दोनदा विचारून खात्री करून घेतली. स्मृतिभ्रंशाची माणसं बाहेर निघून जातात, म्हणून कुलूप. कारण समजण्यासारखं आहे. मग किल्ली काचेच्या पेटीत भिंतीवर लावा, रात्रपाळीच्या मावशीच्या गळ्यात द्या, काही तरी करा. ते गृहस्थ म्हणाले, "मॅडम, इतक्या वर्षांत काही झालं नाही."

तिथल्या बाथरूमचं दार मी टेपने मोजलं. २४ इंच. आईची व्हीलचेअर चाकांवरच्या हाताने फिरवायच्या कड्यांसकट २५. म्हणजे तिला रोज दाराशी उतरवून, दोघांनी काखेत धरून आत न्यावं लागलं असतं, ओल्या फरशीवरून. लुळ्या हाताला असं काखेतून उचललं की खांदा निखळतो, हे फिजिओथेरपिस्टने आम्हाला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. एका इंचासाठी ठिकाण नाकारलं, असं दादाला वाटलं. मला तो इंच रोज दिसला असता.

बाहेर बसथांब्यावर त्याच ठिकाणची एक मावशी भेटली. दिवसपाळी संपवून निघाली होती. तिच्याशी बोलताना मी खोचक प्रश्न विचारले नाहीत. एवढंच विचारलं, की सुट्टी मिळते का? म्हणाली, महिन्यातून एक, आणि बदली नसेल तर तीही नाही. आतापर्यंत किती दिवस झाले? "दोन महिने. माझ्या आधीची पंधरा दिवसांत गेली." तिच्या बोटांच्या बेचक्यांत बारीक पुरळ होतं आणि ती बोलता बोलता खाजवत होती. ती खरूज असावी. अशा ठिकाणी ती हातातून हातात पसरते आणि सगळ्यांवर, स्टाफसकट, एकाच वेळी मलम लावल्याशिवाय, चादरी गरम पाण्यात धुतल्याशिवाय जात नाही. मी तिला डॉक्टरला दाखवायला सांगितलं. ती म्हणाली, "रजा कोण देणार, ताई?" आईची अंघोळ ज्या हातांनी होणार, त्या हातांकडे कुणाचं लक्ष आहे का, हा प्रश्न त्या संध्याकाळी माझ्या वहीत गेला. मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. मावश्या टिकतात त्या घरात म्हाताऱ्यांची नावं, सवयी, कोणता कान ऐकू येतो, दूध सायीसकट लागतं की गाळून, सगळं टिकतं.

पाचव्या ठिकाणी गेले तेव्हा मी दमलेली होते. शहराबाहेर, एसटीने तास-सव्वा तास. २२ माणसं. इमारत जुनी, पावसाळ्याने एका भिंतीला ओल धरलेली, दारात माशांची टाकी वगैरे काही नाही. चालवणाऱ्या बाई पूर्वी सरकारी दवाखान्यात सिस्टर होत्या. मी माझा ठरलेला प्रश्न विचारला, सध्या तुमच्याकडे बेडसोअर किती जणांना आहेत? याआधी चारही ठिकाणी उत्तर आलं होतं, "आमच्याकडे एकही नाही."

त्या म्हणाल्या, "दोघींना. एकीला हॉस्पिटलमधून आणतानाच होता, तो भरत आलाय. दुसऱ्या आजींना इथे झाला, एप्रिलमध्ये. लग्नसराईत दोन मावश्या गावी गेल्या आणि आम्हाला बदली मिळाली नाही. ती आमची चूक. त्यांच्या मुलाला त्याच दिवशी फोटो पाठवला."

मी वही बंद केली. मग पुन्हा उघडली, कारण एका उत्तरावर भाळायचं नाही हे पहिल्या ठिकाणाने शिकवलं होतं.

तिथे मी चार वेळा गेले. एकदा दुपारी जेवणाच्या वेळी. पक्षाघातानंतर पुष्कळदा गिळण्यात दोष राहतो, पातळ पाणी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. आईला पाणीही घट्टसर करूनच द्यावं लागतं. मी बघत होते, की भरवताना पाठ ताठ करतात का, हनुवटी किंचित खाली घेतात का, घास गिळला गेल्यावरच पुढचा देतात का. एक मावशी एका आजोबांना वरण-भात भरवत होती आणि प्रत्येक घासानंतर त्यांच्या गळ्याकडे बघत होती. जेवण झाल्यावर त्यांना लगेच आडवं केलं नाही. रात्रीचं जेवण साडेसातला होतं आणि झोपताना दूध. दुसऱ्या एका ठिकाणी सहाला जेवण आणि सकाळी साडेआठला नाश्ता होता. मधुमेहाच्या माणसाने साडेचौदा तास काय करायचं?

एकदा रविवारी फाटकाबाहेर थांबून भेटायला आलेल्या नातेवाइकांशी बोलले. एका काकूंनी तक्रारी सांगितल्या. कपडे हरवतात, चष्मा दोनदा बदलला, बिलात हातमोज्यांचे पैसे वेगळे लावतात. या तक्रारी ऐकून मला बरं वाटलं. माणूस चष्म्याबद्दल तक्रार करतो तेव्हा मोठं दुखणं बहुधा नसतं. कूस बदलण्याचे तक्तेही पाहिले. त्यात खाडाखोड होती.

दोष होतेच. बाथरूमला तीन इंचांचा उंबरठा होता, आईच्या खोलीत ओल होती, अंतर लांब होतं, आणि महिन्याचे ४२ हजार, डायपर वेगळे. करारात एक कलम होतं, "कोणत्याही अपघातास अथवा इजेस संस्था जबाबदार राहणार नाही." मी म्हटलं, यावर मी सही करणार नाही. बाई म्हणाल्या, वकिलाने सगळ्यांसाठी तसंच टाकलंय. दोन दिवस गेले. शेवटी तिथे असं लिहिलं गेलं, की कोणतीही इजा, पडणं किंवा जखम झाल्यास दोन तासांत कुटुंबाला कळवलं जाईल आणि नोंद दाखवली जाईल. दवाखान्यात न्यायची वेळ आली तर कुठे, १०८ बोलवायची की त्यांची गाडी, सोबत कोण जाणार, माझा फोन लागला नाही तर निर्णय कोण घेणार, हेही लिहून घेतलं. उंबरठ्याला त्यांनी लाकडी उतार करून दिला. डिपॉझिट परत करायची मुदत ३० दिवस लिहिली. भेटीच्या वेळा होत्या, पण खाली हाताने एक ओळ घातली, कुटुंबीय कधीही येऊ शकतात.

आणि मी एक रात्र तिथे राहायला मागितली, आईला आणायच्या आधी. बाईंनी थोडा वेळ विचार केला. इतर आजींच्या खोलीत जायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, या अटीवर हो म्हणाल्या. अट मला पटली.

रात्री नऊला पाळी बदलली. दिवसाच्या सिस्टरने रात्रीच्या सिस्टरला प्रत्येक पलंगापाशी उभं राहून सांगितलं, कोण जेवलं, कोणाला शौचाला झाली नाही, कोणाची शुगर किती. दोन मावश्या, एक सिस्टर. मी बाहेरच्या बाकावर बसून होते. अकराला एक फेरी. बाराला वीज गेली, इन्व्हर्टर लागला, ऑक्सिजनचं यंत्र असलेल्या आजोबांकडे सिस्टर आधी धावली. एकला फेरी. दोनच्या सुमाराला एक आजी "घरी जायचंय" म्हणत दाराशी आल्या. मला वाटलं आता गोळी देतील. मावशीने त्यांच्या खांद्यावर शाल टाकली आणि त्यांना घेऊन व्हरांड्यात येरझाऱ्या घालायला लागली. "कुठलं गाव तुमचं, आजी?" "ओतूर." "मग ओतूरला जाऊ, गाडी यायचीय अजून." वीस मिनिटं त्या दोघी चालत होत्या. मग आजी स्वतःच म्हणाल्या, "आता उद्याच जाऊ." तीनला फेरी झाली. दुसरी मावशी पाठीवर झोपलेल्या एका बाईंना कुशीवर घेताना हळू आवाजात म्हणत होती, "वळवते हं आजी, थंड लागेल हात." आधी सांगितलं, मग हात लावला. आईला मी हे कधी सांगत नव्हते. ती बोलत नाही, म्हणून मीही न बोलताच तिला वळवत होते.

पहाटे पाचच्या एसटीने घरी आले आणि दादाला फोन केला.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आईला नेलं. पहिले तीन दिवस ती जेवली नाही, भिंतीकडे तोंड करून होती, आणि मी बाहेर बाकावर बसून होते. चौथ्या दिवशी तिने तिथल्या मावशीच्या हातची पेज घेतली. त्याबद्दल आणखी लिहायला मला जमत नाही.

तीन आठवड्यांनी, काही न कळवता, सकाळी सहाला गेले. दार लगेच उघडलं. आई जागी होती, डाव्या कुशीवर, गुडघ्यांत उशी, पेला डाव्या हाताच्या बाजूला, पोचेल असा. चादर कोरडी होती. मी तिची पाठ बघितली. माकडहाडावरचा लाल डाग गेला होता. ती म्हणाली, "अगं." मी म्हटलं, "पाठ बघते हं आई, हात थंड आहे."

मग पलंगाचा तक्ता घेतला. नऊ, सही. अकरा, सही. एक, सही. तीनचा रकाना रिकामा होता. त्याच्या बाजूला, मार्जिनमध्ये, दुसऱ्या पेनाने, घाईच्या अक्षरात लिहिलेलं होतं, "४ नंबरच्या आजींना उलटी, त्यांच्याजवळ होते. राहिलं. ३.५० ला वळवलं." खाली सही.